पिवळ्या भिंतीचे एकोणीस फोटो

१

लतिकाबाई गायधनींनी क्रूझवर हाउसबोटीची सहल निवडली होती. हातात आली ती फोटोग्राफीच्या सहलीची तिकिटं.

पोलिसांकडे जावं असा हा प्रकार नव्हता. पण त्याला वीस दिवस उलटले तरी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. मुलगी वडिलांशी अजिबात बोलत नव्हती. आणि बारा दिवसांवर आलेल्या मुलाच्या लग्नाला आई यायला तयार नव्हती.

मुलगी यशश्री हे सगळं सांगत होती ते शालिमारजवळच्या एका लहानशा दुकानात. समोर बसली होती अदिबा अन्सारी. अदिबा लग्नाचे अल्बम बनवते. फोटो ती काढत नाही. दुसऱ्यांनी काढलेले तीन-चार हजार फोटो एकेक करून पाहते आणि त्यातले दीडशे निवडून लावते. चौदा वर्षं हे केल्यामुळे कोण कुणाच्या शेजारी उभं राहायचं टाळतं, कोण पंगतीत दोनदा बसलं, हे तिला आपोआप दिसतं. यशश्रीच्या स्वतःच्या लग्नात हरवलेली अंगठी तिनेच फोटोंवरून शोधून दिली होती. ती एका मावसबहिणीच्या बोटात होती, आणि मावसबहिणीला ते आठवतही नव्हतं. म्हणून यशश्री आज इथे आली होती.

"सहल बाबांनी बदलली. तसं त्यांनीच कबूल केलंय," ती म्हणाली.

"मग शोधायचं काय?"

"का बदलली ते. बाबा सांगत नाहीत. आई म्हणते, विचारू नकोस."

हकिगत अशी होती. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून यशश्री आणि तिचा भाऊ विहंग यांनी त्यांना मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर पाठवलं. सोबत आत्या, उज्वला. कोचीला जहाज दिवसभर थांबणार होतं आणि तिथे तीन सहलींपैकी एक निवडायची होती. हाउसबोट, राजवाडा आणि बाजार, किंवा स्थानिक फोटोग्राफरबरोबर जुन्या भागात पायी फिरत फोटो काढणं. यशश्रीने माहितीपत्रक आणलं होतं. प्रत्येक सहलीचं मोठं चित्र, खाली बारीक अक्षरांत वाहन, वेळ, सोयी.

लतिकाबाईंच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून हाउसबोटीचं एक चित्र चिकटवलेलं आहे. जुन्या कॅलेंडरमधलं, तीस वर्षांपूर्वीचं. त्यामुळे त्यांनी सगळ्यांदेखत हाउसबोटीवर खूण केली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी केबिनमध्ये तिकिटं आली, ती फोटोग्राफीची. त्याच वेळी हाउसबोटीच्या प्रतीक्षायादीत असलेल्या उज्वलाआत्याला जागा मिळाल्याचा निरोप आला. जेवणाच्या टेबलावर आत्याच म्हणाली की हे दादाचंच काम असणार. ढुंढिराजांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "हो. मीच बदललं." लतिकाबाई जेवण अर्धवट टाकून उठल्या.

"आता विहंगचं लग्न इंदूरला आहे," यशश्री म्हणाली. "वऱ्हाडाची बस ठरलीये. आई म्हणते, तुम्ही जा. मी घरचे सगळे विधी करीन, पण ज्या माणसाला माझी एवढीशी इच्छा पाळता आली नाही त्याच्या शेजारी नऊ तास बसणार नाही. विहंग काल रडला, अदिबाताई. तीस वर्षांचा मुलगा."

तिने दोन गोष्टी काउंटरवर ठेवल्या. आईवडिलांनी सोबत नेलेल्या विहंगच्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड, ज्यात क्रूझचे दोनशे बारा फोटो होते. आणि तिने क्रूझ कंपनीकडे तक्रार केल्यावर ईमेलने आलेली नोंद. केबिन ७२१४. सहलीत बदल, संध्याकाळी ६.१०. बदल केबिनचं कार्ड लावून नोंदवला.

यशश्री गेल्यावर अदिबाने फोटो उघडले. पहिले शंभर कुणाच्याही प्रवासाचे असतात तसे होते. मग कोची आलं आणि एका जागी तिचा हात थांबला.

एक पिवळी भिंत. माणूस नाही, मांजर नाही, खिडकीसुद्धा नाही. त्या भिंतीचे एकोणीस फोटो होते.

२

ढुंढिराज गायधनी अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. मशीनवरून आलेला भाग मोजायचा, बरोबर असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर लाल चिठ्ठी लावायची. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी माणसांकडे ते तसेच बघत. अदिबाने आणलेल्या अल्बमच्या नमुन्याची कड त्यांनी बोटाने चाचपली आणि एका कोपऱ्यात ती अर्धा मिलिमीटर जास्त असल्याचं सांगितलं. ती होतीच.

अदिबाने क्रूझच्या अल्बमसाठी माहिती हवी असं निमित्त सांगितलं. क्रूझची निवड कशी केली, सहल कशी ठरली. ढुंढिराजांनी सरळ उत्तरं दिली. फोटोग्राफीची हौस होती म्हणून सहल बदलली.

"हौस कधीपासून, काका?"

"त्या दिवसापासून."

"बदलायला कुठे जावं लागलं?"

"वरच्या मजल्यावर. काउंटर होता. सांगितलं, सही केली, झालं."

"काकूंना विचारलं नाहीत?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाही विचारलं. चूक झाली. लिहा तसं अल्बममध्ये."

लतिकाबाई चहा घेऊन आल्या. दोघांना दिला, स्वतः घेतला नाही. पाच वाजता भजन होतं, दोन गल्ल्या पलीकडच्या देवळात. अदिबाने विचारलं की भजनी मंडळाबरोबर बाहेरगावी जाणं होतं का. पूर्वी दरवर्षी वणीला जायच्या, त्या म्हणाल्या, सप्तशृंगीला. तीन वर्षांपूर्वी सोडलं. गुडघे.

लग्नाचा विषय अदिबाने जपून काढला. विहंगच्या अल्बमचं काम तिच्याकडेच होतं, त्यामुळे विचारण्यात वावगं नव्हतं. वरमाईचे फोटो कुठे घ्यायचे, इंदूरला की इथे?

लतिकाबाईंनी कपबश्या गोळा केल्या. "आमच्या घरात मुलाच्या आईने मंगलाष्टकं पाहायची नसतात. तेवढा वेळ तिने तुळशीपाशी उभं राहायचं असतं, मांडवाकडे पाठ करून. तुळस इथेही आहे."

ढुंढिराज उठून आत गेले. वाक्य त्यांनी ऐकलं होतं, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

जिना उतरताना अदिबाने पर्समधली ईमेलची प्रत पुन्हा वाचली. बदल केबिनचं कार्ड लावून नोंदवला. खाली एक तळटीप होती, सहल-कक्ष तळमजल्यावर आहे आणि बदलासाठी कोणताही अर्ज किंवा सही लागत नाही.

अर्ध्या मिलिमीटरची चूक पकडणारा माणूस मजला चुकला होता, आणि त्याने न लागणारी सही केली होती. तो तिथे कधी गेलाच नव्हता.

३

मग उरलं कोण? ज्याला फायदा झाला, तो. हाउसबोटीत जागा मिळाली उज्वलाआत्याला.

उज्वला गायधनी कॉलेज रोडला एकट्या राहतात. तीस वर्षं नर्स होत्या, अजूनही शेजारपाजारच्यांना इंजेक्शन देतात. त्या भरभरून बोलल्या. दादा कारखान्यात नट-बोल्ट नापास करायचा, घरी आम्हाला. वहिनीने चाळीस वर्षं त्याच्यापुढे एकदाही तोंड उघडलं नाही, आणि उघडलं ते होडीसाठी. तेही त्याने हाणून पाडलं. हाउसबोट सुंदर होती, पण बसचा प्रवास फार. जाताना दोन तास, येताना दोन तास, ड्रायव्हर मधे कुठे थांबला नाही.

अदिबाने विचारलं, आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता तुम्ही कुठे होतात?

"हाउजी खेळत होते. तिघंही होतो. म्हणजे मी तर होतेच. दादाचं सांगू शकत नाही, माझं लक्ष माझ्या तिकिटावर. एक फोटो काढला मी विहंगच्या कॅमेऱ्याने, माझी ओळ पूर्ण झाली तेव्हा."

तो फोटो कार्डात होता. अदिबाने तो दुकानात येऊन मोठा केला. ढुंढिराज एका टेबलाशी बसलेले, हातात हाउजीचं तिकीट, गळ्यात निळ्या फितीत अडकवलेलं केबिनचं कार्ड. कॅमेऱ्याच्या नोंदीप्रमाणे वेळ दुपारी ४.५५.

म्हणजे बदल झाला त्याच्या सव्वा तास आधीचा फोटो. त्याने कुणाचीच सुटका होत नव्हती. सव्वा तासात माणूस जहाजभर तीनदा फिरून येईल.

पण अदिबाचं एक तत्त्व आहे. लग्नात दोन-तीन फोटोग्राफर असतात आणि त्यांच्या कॅमेऱ्यांची घड्याळं कधी जुळत नाहीत. एकाच्या कॅमेऱ्यात नवरी आधी सासरी जाते आणि दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात मग हळद लागते. म्हणून कॅमेऱ्याच्या घड्याळावर ती विश्वास ठेवत नाही. फोटोत दिसणारं एखादं खरं घड्याळ शोधते.

इथे ते होतं. ढुंढिराजांच्या मागे हाउजीचे आकडे दाखवणारा फलक, आणि त्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत वेळ.

६.१०.

विहंगचा कॅमेरा सव्वा तास मागे होता. आणि तळमजल्यावर कुणीतरी कार्ड लावत होतं त्याच मिनिटाला ढुंढिराज इथे बसलेले होते, आपलं कार्ड गळ्यात घालून. फोटो काढणाऱ्या उज्वलाआत्याही इथेच होत्या.

केबिन ७२१४ ची कार्डं दोन, नवरा-बायकोचं एकेक. एक या फोटोत होतं.

ढुंढिराजांच्या शेजारी एक खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर लतिकाबाईंची जांभळी शाल होती. खुर्ची रिकामी होती.

४

तर ज्या बाईने हाउसबोट निवडली, तिनेच ती बदलली. तीस वर्षं कपाटाच्या दारात जपलेली गोष्ट तिने स्वतः खाली जाऊन रद्द केली, दोष नवऱ्यावर जाऊ दिला, आणि त्याच दोषाचं कारण सांगून आता मुलाच्या लग्नाला नाही म्हणत होती.

कोण, हे कळलं होतं. त्याने प्रकरण सुटत नव्हतं, उलट वाईट दिसत होतं. यशश्रीला हे सांगितलं असतं तर तिने वडिलांशी धरलेला अबोला आईशी धरला असता.

अदिबाने सव्वा तास मिळवून कोचीच्या सगळ्या फोटोंच्या वेळा दुरुस्त केल्या आणि ते पुन्हा पाहिले, सावकाश. आता तिला भिंत एकटी दिसेना. ९.५० ला मासेमारीच्या जाळ्याच्या खांबाचे आठ फोटो. १०.३३ ला एका झाडाच्या बुंध्याचे अकरा. ११.१५ ला निळ्या दाराचे चौदा. ११.५८ ला पिवळी भिंत, एकोणीस. दर त्रेचाळीस मिनिटांच्या आसपास.

या बावन्न फोटोंपैकी एकाही फोटोत लतिकाबाई नव्हत्या. प्रत्येक पुंजक्याच्या आधी होत्या, नंतर होत्या.

आणि दुसरी गोष्ट. एकोणीस फोटोंत केसाचाही फरक नव्हता. ज्याला फोटो मनासारखा येत नाही तो काहीतरी बदलतो. दोन पावलं सरकतो, कॅमेरा आडवा-उभा करतो. या माणसाने काहीच बदललं नव्हतं. तो फोटो काढत नव्हता, वेळ काढत होता.

माहितीपत्रकाच्या मागे त्या फोटोग्राफरचा नंबर होता. अदिबाने फोन लावला. त्याला ढुंढिराज चांगलेच आठवत होते. कॅमेरा कसा धरायचा हे माहीत नसलेला माणूस, तो हिंदीत म्हणाला, आणि सगळ्या गटाला अडकवून ठेवायचा. भिंतीपाशी मी म्हटलं, अंकल, पुढे जाऊया. तर म्हणतात, प्रकाश बरोबर नाही. आकाशात एक ढग नव्हता. मग त्यांचं बघून बाकीचे दहाही जण पुन्हा भिंतीचे फोटो काढायला लागले. कुणाला वाटलं यात काहीतरी असणार.

"आणि त्यांच्या पत्नी?" अदिबाने विचारलं.

त्या? तो जरा आठवू लागला. त्या कधी दिसायच्या, कधी नाही. भिंतीपाशी मी विचारणार होतो की आंटी कुठे गेल्या, तेवढ्यात अंकलनी मला कॅमेऱ्याचं बटण विचारलं. तेच बटण, चौथ्यांदा.

फोन ठेवून अदिबाने माहितीपत्रक समोर घेतलं. चित्रं नाही, चित्रांखालची बारीक अक्षरं. हाउसबोट: वातानुकूलित बस, जाताना दोन तास, येताना दोन तास, मधे थांबा नाही, बसमध्ये स्वच्छतागृह नाही. राजवाडा आणि बाजार: बस, साडेतीन तास. फोटोग्राफी: पायी, तीन तास, आठ थांबे, प्रत्येक थांब्याजवळ कॅफे किंवा स्वच्छतागृह.

तीन तास पायी. गुडघ्यांमुळे वणी सोडलेली बाई तीन तास चालली होती, आणि एकाही फोटोत ती बसलेली नव्हती.

तिच्या हातात पाण्याची बाटली होती, जहाजावर मिळालेली. पहिल्या थांब्याला बाटली भरलेली होती. आठव्या थांब्याला, एक वाजताच्या कोचीच्या उन्हात, ती तितकीच भरलेली होती. अदिबाने झाकण मोठं करून पाहिलं. सील तुटलेलं नव्हतं.

अदिबाची आई, माजिदा, येवल्याला राहते. महिन्यातून एकदा एसटीने नाशिकला येते. त्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नाही. अदिबाने लहानपणापासून हे पाहिलं होतं आणि त्याबद्दल दोघींत आजवर एक शब्द झाला नव्हता. घरी पोचल्यावर आई आधी आत जाते, मग सलाम करते, एवढंच.

भजन दोन गल्ल्या पलीकडे, तरी आधी चहा नाही. वणीची बस नको. हाउसबोटीची बस नको. आणि इंदूरची बस, नऊ तास, सगळं वऱ्हाड भरलेलं, दीर, भाचे, यशश्रीच्या सासरची माणसं. चाळीस माणसांच्या बसमध्ये पुढे जाऊन ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगणं, एकदा नाही, बारा वेळा.

लतिकाबाई नवऱ्यावर रागावलेल्या नव्हत्या. राग हे त्यांचं निमित्त होतं.

आणि ढुंढिराजांना हे ठाऊक होतं. केव्हापासून, कसं, ते फोटो सांगत नव्हते. पण न केलेली गोष्ट त्यांनी भर टेबलावर अंगावर घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशी बायको दिसेनाशी झाली की कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून भिंतीसमोर उभे राहून बटण दाबत होते. हे लतिकाबाईंना मात्र माहीत नव्हतं. त्या तेव्हा भिंतीपलीकडे होत्या.

अदिबाने यशश्रीला फोन केला. बाबांनी सहल बदललेली नाही, एवढंच सांगितलं. पुरावा आहे. बाकीचं मी सांगणार नाही.

"मग कोण सांगणार?"

"मला चार दिवस दे. अल्बम पूर्ण करते."

५

अल्बमवाले वाईट फोटो टाकून देतात, त्याचेच पैसे घेतात. या अल्बममधून अदिबाने एकही फोटो वगळला नाही. भिंतीचे एकोणीस फोटो तिने समोरासमोरच्या दोन पानांवर ओळीने लावले, प्रत्येकाखाली वेळ. ११.५८ पासून १२.०९ पर्यंत. आणि शेवटी त्यांच्यानंतर लगेच काढलेला विसावा.

ती गेली तेव्हा लतिकाबाई घरात होत्या आणि ढुंढिराज गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. लतिकाबाईंनी चष्मा लावला आणि पानं उलटू लागल्या. हाउजीच्या फोटोवर त्या थोड्या थांबल्या. रिकाम्या खुर्चीवर बोट टेकलं, उचललं, पान उलटलं. भिंत आली.

"हे काय? कारखान्यात एक नट वीस वेळा मोजायचे, तसं केलंय."



लतिकाबाईंनी खालच्या वेळा वाचल्या. ओळीच्या शेवटी आल्या. विसाव्या फोटोत तीच पिवळी भिंत होती, पण कडेला एक दार दिसत होतं, कॅफेच्या मागचं. दारातून त्या स्वतः बाहेर येत होत्या, रुमालाला हात पुसत. तो एकच फोटो हललेला होता. काढणारा घाईने वळला होता.

त्यांनी मागचं पान उलटलं. निळं दार, चौदा. त्यामागे झाड, अकरा. मग खांब. मग पुन्हा भिंत.



"म्हणजे यांना माहीत होतं," लतिकाबाई म्हणाल्या.

मग त्या बोलल्या, अल्बमकडे बघत, हळू. तीन वर्षांपूर्वी वणीहून येताना बसमध्ये त्यांना आवरलं नव्हतं. भजनी मंडळ मागे गात होतं. त्यांनी मांडीवर पाण्याची बाटली सांडल्याचं नाटक केलं आणि सगळ्या जणी हसल्या, त्याही हसल्या. तेव्हापासून बस नाही. घरात कुणाला सांगितलं नाही. नणंद नर्स, पण तिला कसं सांगायचं? जहाजावर हाउसबोटीची खूण उत्साहात केली आणि दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बसून बारीक अक्षरं वाचली. सगळे हाउजीत होते. त्या खाली गेल्या आणि बदलून आल्या. जागा भरल्या असं सांगायचं ठरवलं होतं. पण उज्वला आधी बोलली आणि हे हो म्हणाले.

"आणि मी ते तसंच राहू दिलं. आधी वाटलं उद्या सांगू. मग विहंगच्या बसचं ठरलं, तेव्हा ते कामालाच आलं." त्यांनी चष्मा काढला. "माणूस वीस दिवस माझ्यासमोर बसून जेवतोय, अदिबा. मुलीचा अबोला गिळतोय. आणि मी त्याला वाढतेय."

मग त्यांनी गॅलरीकडे बघून हाक मारली, "अहो. इकडे या जरा."

ढुंढिराज आले. हाताला माती होती. उघडं पान पाहून दारातच थांबले.

"सहल मी बदलली होती," लतिकाबाई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग एकदा तरी बोलायचं होतंत मला."

ढुंढिराजांनी हात पँटलाच पुसले, जे ते एरवी कधी करत नसत. "तू सांगितलं नव्हतंस. मग मी कसं बोलणार?"

लतिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. ते पुढे येऊन त्यांच्या शेजारी बसले, अंतर ठेवून, मग थोडं कमी अंतर ठेवून. अल्बम आपल्याकडे ओढला, भिंतीवरून बोट फिरवलं आणि बाराव्या फोटोवर थांबले.

"हा जरा वाकडा आलाय," ते म्हणाले.

अदिबा आपली पर्स घेऊन उठली. चहा विचारायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

६

पुढचं तिला यशश्रीकडून कळलं. आईने तिला आणि आत्याला एकत्र बसवून सांगितलं. यशश्री वडिलांशी बोलायला गेली तर ते म्हणाले, राहू दे, आणि विहंगच्या कॅमेऱ्याचं घड्याळ लावून दे, सव्वा तास मागे आहे. उज्वलाआत्या वहिनीवर खूप चिडल्या. तीस वर्षं मी काय वाती वळत होते का, त्या म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी लतिकाबाईंना आपल्या ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले. पाणी तोडणं हा उपाय नाही, उलट त्याने त्रास वाढतो, असं डॉक्टरबाईंनी दोनदा बजावलं. आणि रांगेत बसलेल्या आठ बायकांपैकी पाच जणी याच दुखण्यासाठी आल्या आहेत, हेही.

वऱ्हाडाची बस ठरल्याप्रमाणे सकाळी सहाला निघाली. तिच्या मागे एक मोटार निघाली. तिच्यात लतिकाबाई, ढुंढिराज आणि उज्वलाआत्या. व्याह्यांना सांगितलं की ढुंढिराजांना फोटोग्राफीचा नाद लागलाय, वाटेत थांबत थांबत येतील. ढुंढिराजांनी आग्रा रोडवरचे पंप आणि हॉटेलं चार दिवस फोन करून तपासली होती. आलेखाच्या कागदावर अंतर, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात पास किंवा नापास. मालेगावच्या अलीकडची दोन नापास झाली होती.

लग्नानंतर आठवड्याने यशश्रीने सगळी कार्डं आणून दिली. फोटोग्राफरची दोन आणि विहंगच्या कॅमेऱ्याचं एक. अदिबाने सवयीप्रमाणे आधी घड्याळं जुळवली. तिन्ही जुळत होती.

मग तिने ढुंढिराजांनी काढलेले फोटो उघडले. बारा थांबे. प्रत्येक थांब्याचा एकच फोटो. पंपाची भिंत, ढाब्याची भिंत, टोलनाक्याजवळची पांढरी भिंत. प्रत्येक भिंतीसमोर लतिकाबाई उभ्या होत्या. पहिल्या दोन फोटोंत अवघडलेल्या. चौथ्यात उज्वलाआत्या त्यांच्या खांद्यावर हात टाकून होत्या. सातव्यात त्या फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुनावत होत्या, बहुधा आता पुरे म्हणून.

त्यानंतर इंदूरचा मांडव होता. आणि मांडवाच्या मागच्या बाजूला, कुंडीतल्या तुळशीपाशी, पाठ करून उभ्या असलेल्या लतिकाबाई. जांभळी शाल, डोळे मिटलेले. हा फोटो लग्नाच्या फोटोग्राफरने काढला नव्हता. तो मांडवात नवरा-नवरीसमोर होता. हाही विहंगच्याच कॅमेऱ्यात होता, आणि एकच होता.

अदिबाने पुन्हा बारा थांब्यांकडे जाऊन सातवा फोटो मोठा केला. लतिकाबाईंच्या हातात पाण्याची बाटली होती. झाकण दुसऱ्या हातात होतं. बाटलीत पाणी बोटभर उरलं होतं.

तो तिने पूर्ण पानावर घेतला.